एक ठिपका, दोन आकडे

ऋण संख्या शिकवायच्या म्हटलं की इतर गावच्या गुरुजींना उधारी, तळघर, काश्मीरचं तापमान असली उदाहरणं शोधत बसावं लागतं. टेंभुर्णीत ती ददात नाही. आमच्याकडं उजनी धरण आहे. उन्हाळा लागला की चहाच्या टपरीवर रामराम व्हायच्या आधी "उजनी किती?" असं विचारलं जातं आणि बशीतला चहा फुंकत समोरचा सांगतो, "मायनस बारा." त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. पाहुणा मात्र चपापतो. धरण रिकामं झालं, इथवर ठीक. पण रिकामं होऊन वर आणखी बारा टक्के रिकामं कसं होतं?

त्याचं असं आहे. उजनीची क्षमता 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीच्या वर पाणी मृत साठ्यात धरतात आणि शून्य टक्के ही खूण त्या मृत साठ्याच्या माथ्यावर आहे. त्याच्या वर पाणी असलं की अधिक, खाली गेलं की उणे. म्हणजे उजनी शून्यावर आली म्हणून आपण कपाळाला हात लावतो तेव्हाही तिच्या पोटात एवढं पाणी असतं, की पुण्याची तहान भागवणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्याच्या निम्म्यावर जात नाहीत. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नाशीच्याही खाली उतरली होती, आणि पाऊसकाळ चांगला झाला की हीच बाई 111 टक्के भरते. परीक्षेत एवढे टक्के पडले असते तर चौकशी लागली असती.

आलेखाच्या कागदावरही हाच प्रकार असतो. आरंभबिंदू कुठं मांडायचा हे कागद ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि एकदा मांडला की त्याच्या डावीकडचे आणि खालचे सगळे बिचारे उणे होऊन बसतात. ही पद्धत ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या रने देकार्तनं 1637 साली आपली भूमिती छापली खरी, पण तिच्यात आपल्या वहीसारखे चार चरण काही आखलेले नाहीत. उण्या बाजूचं त्याला वावडंच होतं. चालायचंच, त्याला उजनीच्या लाभक्षेत्रात शेती करायची नव्हती.

तसं बघितलं तर आमचा टेंभुर्णीचा चौक हाच एक आरंभबिंदू आहे. पुणे-सोलापूर हायवे हा आडवा अक्ष आणि करमाळ्याकडून येऊन पंढरपूरला जाणारा रस्ता उभा. हायवे जरा तिरका जातो, पण नकाशा बघताना मानही तेवढीच तिरकी केली की काटकोन जमतो. सोलापूर उजवीकडं, अधिक 90 च्या आसपास. पुणे डावीकडं, उणे दीडशेच्या पुढं. पुण्याला उणे बाजूला टाकण्यात कसला आकस नाही, गणितात डावीकडं उणंच असतं. तरी धरणाखालच्या शेतकऱ्यांना ही मांडणी फार पसंत पडते. पंचाईत होते ती पंढरपूरची. ते खाली, दक्षिणेला, म्हणजे तेही उणे. विठोबाला उणे कोण म्हणणार? कागद उलटा धरून बघितला, तर पंढरपूर अधिक होतं पण पुणंही अधिक होतं. शेवटी आहे ते बरं म्हणून सोडून दिलं.

नववीच्या पुस्तकात निर्देशक भूमितीचा धडा आहे. पुतणीच्या हातात त्या दिवसांत आलेखाची वही असते आणि जिभेचं टोक दातांत. मिलीमीटरच्या त्या हिरवट रेघांवर (3, 2) मांडायचा तर आधी आडवं तीन चालायचं, मग उभं दोन चढायचं. पोरं नेमकी आधी चढतात आणि मग चालतात, आणि ठिपका (2, 3) वर जाऊन बसतो. शिवाय ठिपका कसा, तर कुंकवाएवढा. बिंदूला लांबी-रुंदी नसते हे आदल्या वर्षी पाठ केलेलं असतं, पण पेन्सिलला टोक नसल्यामुळं बिंदूला चांगला बांधा येतो. त्यात अर्धं घर इकडचं, अर्धं घर तिकडचं असं सगळं मावतं आणि उत्तर चुकलंय की बरोबर आहे यावर घरात दोन तट पडतात.

मला त्या ठिपक्यात आवडते ती एकच गोष्ट: एका आकड्यावर तो उमटायला तयार नसतो. नुसतं "तीन" म्हटलं तर कागद ढिम्म. तीन कुठं, आडवा की उभा, आणि दुसरा आकडा कुठं आहे? आपलं बोलणं मात्र एकाच आकड्यावर बिनदिक्कत चालतं. "पोरगं 90 टक्के." कुठल्या परीक्षेत? "घर 50 लाखाचं." कुठल्या साली घेतलं? आणि आमच्या भागातला सगळ्यांत लाडका आकडा म्हणजे एकरी टन.

गळीत हंगाम सुरू झाला की टपरीवर ऊस रोज तुटतो.

"तात्या, किती बसला औंदा?"

"पंच्याऐंशी पडला एकरी."

"पंच्याऐंशी? आन् आण्णा तुमचा?"

"आमचा साठच."

आण्णांचा चेहरा पडतो, तात्या दुसरा चहा सांगतात. आता इथं आलेखाची वही असती तर तिनं तात्यांना थांबवलं असतं. हा झाला उभा आकडा. आडवा कुठाय? तात्यांचा ऊस आडसाली, जुलै-ऑगस्टच्या लागणीचा, रानात 17 महिने उभा. आण्णांचा सुरू, जानेवारीची लागण, 12 महिन्यांत फडाला कोयता लागला. पंच्याऐंशी भागिले सतरा, पाच. साठ भागिले बारा, पाच. दोघंही महिन्याला पाच टनांचे धनी. आडसालीवाल्याचं पाणी आणि थांबलेलं रान हिशेबात धरलं, तर चहा आण्णांनी सांगायला हवा होता. पण टपरीवर भागाकार करायचा नसतो असा दंडक आहे.

दोघांचे दोन ठिपके मांडले आणि तसेच गावातल्या सगळ्या फडांचे मांडले, आडवे महिने आणि उभे टन, तर जे दिसेल त्याला इंग्रजी शाळेत स्कॅटर प्लॉट म्हणतात. इथं पोरांची खरी फसगत होते. दोन चलांच्या समीकरणाला पट्टी लावून रेघ मारायची सवय हाताला लागलेली, त्यामुळं दिसला ठिपका की जोड पुढच्याला. असले विखुरलेले ठिपके जोडायचे नसतात. लांबून बघायचे असतात, डोळे किंचित बारीक करून, फडावर नजर टाकतात तसे. घोळका कुणीकडं झुकलाय, दाट कुठं आहे, विरळ कुठं आहे. मग त्याच्या मधून एकच रेघ घालायची. ती कुठल्याच ठिपक्यावरून गेली नाही तरी चालतं. जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं 1833 साली एका जोडताऱ्याची निरीक्षणं अशीच कागदावर मांडली आणि ठिपक्यांच्या मधून हातानं, नजरेच्या अंदाजानं वक्ररेषा काढली. कुठल्या एका ठिपक्याची त्यानं भीड ठेवली नाही. आपल्याला ते जमत नाही, कारण आपल्याकडं प्रत्येक ठिपका कुणाचा तरी पाव्हणा असतो.

पाव्हण्यावरून आठवलं. प्रत्येक घोळक्याच्या वर, एकटाच, हवेत लटकलेला एक ठिपका असतो: एकरी 120 टन. हा ऊस टपरीवरच्या कुणी पाहिलेला नसतो. तो कायम वाळव्याकडच्या एका पाव्हण्याचा असतो. तो खोटाच असतो असं मी म्हणत नाही, तिकडचं रान तसं आहेही. पण टपरीवरची रेघ नेहमी त्याच एका ठिपक्यातून जाते. पुढच्या हंगामाचं खत, औषध, बेणं सगळं त्या एका ठिपक्याला विचारून आणलं जातं आणि घोळक्यातल्या बाकीच्यांना कुणी विचारत नाही. बरं, ज्याला स्वतःला एखाद्या साली तसं विक्रमी पीक येतं, त्याचं पुढच्या लागणीला बहुधा उतरतं. मग दोष खतवाल्याचा. फ्रान्सिस गाल्टननं 1886 मध्ये 928 मुलांच्या उंच्या त्यांच्या आईबापांच्या उंच्यांशी ताडून दाखवलं, की फार उंच आईबापांची मुलं उंच असली तरी सरासरीकडं थोडी सरकतात. खतवाल्यानं हा कागद दुकानात लावायला हरकत नाही.

सगळ्यांत बोलका आलेख मात्र पाण्याचाच. आडव्या अक्षावर टेंभुर्णीत पडलेला पाऊस घ्या, उभ्यावर त्या दिवशी उजनीत वाढलेलं पाणी. ठिपके बुंदी सांडल्यासारखे पसरतात, झुकाव म्हणून नाही. इथं ऊन रखरखत असताना धरण चढतं आणि इथं गुडघाभर चिखल झाला तरी हलत नाही. आता आडव्या अक्षावरचा आपला पाऊस पुसून दौंडचा विसर्ग मांडा. ठिपके दिंडीसारखे रांगेत लागतात. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांचं सह्याद्रीतलं पाणी दौंडवरून खाली येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून तर पावसाळ्यात उजनीच्या पाठोपाठचा दुसरा प्रश्न "दौंडचा किती हाय?" हा असतो. कुठला अक्ष घ्यायचा हे या भागानं शाळेत न जाता ओळखलंय.

याच ठिपक्यांनी आणखी एक गंमत होते. वारी पंढरपूरच्या जवळ येते त्याच सुमाराला बहुतेक साली उजनी चढू लागते. रस्त्यावरचे वारकरी आडवे आणि धरणातलं पाणी उभं मांडलं तर झकास रेघ येईल. पांडुरंगाच्या पदरात श्रेय घालायला माझी ना नाही, पण आषाढ महिना दोघांनाही बोलावतो, हे कागदावर कुठंच दिसत नाही.

सरकारची एक रेघ मात्र ठिपके पडायच्या आधीच मारलेली असते: एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर. 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं 340 रुपये होते. वर दर 0.1 टक्क्याला 3.32 रुपये जास्त, खाली तेवढेच कमी, आणि साडेनऊच्या खाली कपात नाही. कागदावर काढून बघा. साडेनऊपर्यंत 315 रुपये 10 पैशांवर सपाट आणि तिथून एकदम चढ. उसाच्या धंद्यात इतकी सरळ रेघ दुसरी नाही. भांडण रेघेवर होत नाही, आपला ठिपका तिच्यावर नेमका कुठं पडतो, त्यावर होतं.

तेव्हा आलेखाची वही घरात असेल तर दहावी झाली म्हणून रद्दीत घालू नका. आपल्या रानाचे गेल्या काही हंगामांचे महिने आणि टन तिच्यात मांडून ठेवा, खोडवाही धरा, पडलेलं सालही धरा. पेन्सिलला टोक काढा. आणि उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरू नका, त्याचे मार्क कापतात.