पत्ता विचारून चालणारी बस

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या बससेवेचं मोकळ्या मनाने कौतुक व्हायला हवं. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला नुसतं गावी पोचवण्यात ती समाधान मानत नाही; चढण्याआधी त्याची तयारीही तपासते.

पाटीच घ्या. हा पैनगंगेकाठचा जिल्हा. बेला, जैनथ, तांसीकडे घराघरांत मराठी चालते. तरी ‘पल्ले वेलुगू’ या साध्या गावगाडीची, म्हणजे बसची, पाटी बहुधा तेलुगूत, आणि ते योग्यच आहे. पाटी वाचता आली असती तर महाराष्ट्रातल्या किनवटकडून लग्न होऊन आलेली सून पोर कडेवर घेऊन स्टँडभर कशाला फिरली असती? “दादा, ही बेल्याला जाते का?” तिसऱ्या माणसाने हो म्हणेपर्यंत बस निघालेली असते. तेवढ्यात तीन ओळखी होतात, शेअर ऑटोवाल्यालाही सवारी मिळते.

पुढची पायरी आधार कार्डाची. 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेत तेलंगणातल्या महिलांना पल्ले वेलुगू आणि एक्सप्रेसमध्ये प्रवास मोफत आहे. योजना चांगलीच आहे. फक्त पत्ता तेलंगणातला हवा. सुनेच्या कार्डावर अजून माहेरचा पत्ता असतो. कंडक्टर कार्ड उलटून बघतो, महाराष्ट्र वाचतो आणि पैसे मागतो. शेजारी सासू शून्याच्या तिकिटावर बसलेली असते. दोघी एकाच शेतात कापूस वेचणार, पण मजुरीतून भाडं एकीचंच जाणार. पत्ता बदलून घ्यायला कोणी अडवलेलं नाही. त्यासाठी एका दिवसाचा रोज बुडवून आधार केंद्रावर जावं, बसनेच, तिकीट काढून. जिनिंगच्या हंगामापुरत्या आलेल्या मजूर बाईने तर एवढ्या थोड्या दिवसांसाठी पत्ता बदलण्याची अपेक्षाच ठेवू नये. तिजोरीची ही बचत आपण करदात्यांनी विसरू नये.

रेल्वेनेही हाच व्यापक दृष्टिकोन जपला आहे. इथून हैदराबादला रेल्वेने निघालेला माणूस आधी किनवट, भोकर, मुदखेड पाहतो. स्वतःच्या राजधानीला शेजारच्या राज्यातून जातो. निर्मल, आर्मूरवरून थेट मार्गाची मागणी जुनी आहे, आणि जुन्या गोष्टी जपण्यात आपण कुठे कमी पडत नाही. शिवाय आता विमानतळाची चर्चा आहे. बेल्याची बस चुकलेल्यांना तेवढीच सोय.

काही अधीर मंडळी पाटीवर तेलुगूखाली मराठीची एक ओळ मागतात. हंगामी मजूर बाईला कामाच्या चिठ्ठीवर सवलत द्या, असंही सुचवतात. मागण्या स्वस्त आहेत आणि उद्या सकाळी अमलात येऊ शकतात. नियोजनाच्या बैठकीत त्या टिकत नाहीत, त्याचं कारण हेच असावं.