अंघोळ, कपडे, स्वयंपाक

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाला किंवा मुलीला आजारी आईवडिलांना कायमचे आपल्याकडे न्यायचे असेल, तर ‘प्रौढ अवलंबित नातेवाईक’ या प्रकारात अर्ज करावा लागतो. आजच्या नियमांचा साचा 9 जुलै 2012 पासूनचा आहे. पालक नुसते म्हातारे असून चालत नाही. वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे त्यांना रोजची कामे करता येत नाहीत आणि ती यापुढे कायम दुसऱ्यानेच करावी लागतील, हे सिद्ध व्हावे लागते. रोजची कामे कोणती, याची उदाहरणेही दिलेली आहेत : अंघोळ, कपडे, स्वयंपाक.

पहिल्या दोन कामांबद्दल तक्रार नाही. तिसऱ्याने मात्र मराठी घरांची पंचाईत केली आहे.

मराठी वडिलांना स्वयंपाक येत नाही, ही गोष्ट सिद्ध करायला साक्षीदार लागत नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरतो हे ठाऊक नसते. पण ते अठ्ठाविसाव्या वर्षीही ठाऊक नव्हते. नियमाला कारण हवे असते वय, आजार किंवा अपंगत्व. वडिलांचे कारण ‘लग्न’ हे असून त्याआधीचे कारण ‘आई’ हे होते. तसे लिहून देणारा डॉक्टर मिळत नाही. आईची गोष्ट उलटी. तिची उजवी बाजू पक्षाघाताने गेलेली असते, भिंतीला धरल्याशिवाय पाऊल पडत नाही, निऱ्या शेजारीण घालून देते. दाखला लिहायला डॉक्टर घरी येतात, तपासतात, लिहायला बसतात, आणि तेवढ्यात ही बाई खाटेवरून उठून म्हणते, “बसा, चहा टाकते.” लेस्टरहून फोनवर लेक ओरडत असते, “आई, तू अजिबात उठू नकोस!” पण घरी आलेला माणूस चहाविना परत जायचा, ही कल्पना त्या बाईला पक्षाघाताहून जास्त लागते. डाव्या हाताने आले किसले जाते. साखर किती, तेही विचारले जाते. डॉक्टर आलेयुक्त चहा पितात, चांगला झाल्याचे सांगतात, आणि मग हातातल्या कागदाकडे बघून गप्प होतात. शिवाय ‘कसं काय?’ या प्रश्नाला ‘मला काय धाड भरलीय’ हेच उत्तर द्यायचे, हे तिला लहानपणी शिकवलेले असते. अर्जाला नेमके तेवढेच उत्तर चालत नाही.

दुसरी अट काळजीच्या उपलब्धतेची. मुलाने पैसे पाठवूनही आवश्यक ती देखभाल भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दाखवावे लागते. देखभाल करू शकणाऱ्यांत सख्खे नातेवाईक येतातच, पण घरकामाची बाई, परिचारिका, वृद्धाश्रम आणि शेजारीही येतात. आजवर निऱ्या घालून देणारी शेजारीण अशा रीतीने अर्जदाराच्या विरुद्ध पुरावा ठरते. परवडण्याचे गणित त्याहून सोपे आहे. मुलाच्या पौंडांतून रुग्णांच्या देखभालीला माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई परवडते, म्हणजे आईने पुण्यातच राहावे. परवडत नाही म्हणावे, तर आईला सरकारी मदतीविना 5 वर्षे पोसण्याचे हमीपत्र हा मुलगा कशाच्या जोरावर देतो, असा प्रश्न येतो. ब्यूरोची बाई गौरी-गणपतीला गावी जाते आणि दसऱ्याला दुसरीच येते, हे कुठल्या रकान्यात लिहायचे ते कळत नाही. त्या बाईचीही सासू गावी अंथरुणाला खिळलेली असते, हा विषय वेगळा.

ही कडक व्यवस्था करदात्यांवर आणि तिथल्या आरोग्यसेवेवर बोजा पडू नये म्हणून आहे, असे कारण दिले जाते. ती आरोग्यसेवा ज्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या खांद्यावर उभी आहे, त्यांत भारतातून गेलेले हजारो आहेत. फेब्रुवारी 2022 पासून जुलै 2025 पर्यंत तर इंग्रज म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, कपडे चढवायला आणि भरवायला परदेशांतून माणसे मागवण्याची खास सोय होती, आणि मार्च 2024 नंतर येणाऱ्यांना नवरा-बायको-मुले आणायला बंदी. म्हणजे अंघोळ घालणारे हात हवेत, ते ज्या घरातून आले ते घर नको. परक्याच्या बापाला पुसून कोरडे करणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाची चौकशी व्हिडिओ कॉलवर करावी, आणि याला धोरण म्हणायचे! निर्लज्जपणाला हल्ली फार सभ्य नावे मिळतात.

कागद जमल्यावर प्रवास सुरू होतो. अर्ज ब्रिटनबाहेरूनच करावा लागतो. पाहुणे म्हणून जाऊन तिथे राहून तो करता येत नाही. अंथरुणावरच्या रुग्णाला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि मान्यताप्राप्त दवाखान्यात छातीचा फोटो काढून क्षयरोग नसल्याचा दाखला मिळवावा लागतो. सांगलीच्या आईसाठी याचा अर्थ रुग्णवाहिका करून पुणे गाठणे असा होतो. व्हिसा मिळालाच तर विमान कंपनी रुग्ण प्रवासाला योग्य असल्याचे डॉक्टरांचे पत्र मागू शकते. तेव्हा ज्या डॉक्टरांनी ‘हिला स्वतःचे काही करता येत नाही’ असे लिहिले, त्यांनीच ‘ही नऊ-दहा तास बसून जाऊ शकते’ असेही लिहायचे असते.

शुल्क 3,000 पौंडांहून अधिक आहे. नकार आला तर ते परत मिळत नाही. नकाराविरुद्ध अपील करता येते. त्याला महिनोन्‌महिने लागतात, आणि काही अर्जदार तेवढे थांबत नाहीत. जे थांबतात त्यांना नव्याने अर्ज करण्यास बंदी नाही. शुल्क पुन्हा भरावे लागते, आणि क्षयरोगाचा दाखला सहाच महिने चालत असल्यामुळे छातीचा फोटोही पुन्हा काढावा लागतो.