करंट कोण खातंय?

आषाढ-श्रावणात आमचा ट्रक पेणला असतो. हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून गणपती भरायचे, पेंढ्यात नीट बसवायचे आणि वडखळच्या खड्ड्यांवर श्वास रोखून धरायचा. विसर्जन झालं की माल नसतो. मग पितृपक्षभर ट्रक रोह्याला, घराशेजारच्या चिंचेखाली. ड्रायव्हरला हा आराम मानवतो, ट्रकला नाही. आठवडाभर उभा राहिला की सेल्फ मारल्यावर नुसतं ‘कट्’.

आळीतले आठ-दहा जण धक्का द्यायला यायचे. पहिल्यांदा हौसेनं, दुसऱ्यांदा चहाच्या बोलीवर. तिसऱ्यांदा मी दिसलो की दारं लागायला लागली. निदानं मात्र खिडकीतून चालूच. शेजारच्या काकांच्या मते बॅटरीत पाणी कमी, मेहुण्याच्या मते अल्टरनेटर गेला. आईच्या मते सगळं चिंचेमुळे. पितृपक्षात चिंचेखाली कुणी गाडी लावतं का?

मी मल्टिमीटर आणला. निगेटिव्हच्या वायरीत जोडला, आणि बघू तरी म्हणून सवयीनं सेल्फ मारला. सेल्फ शेकडो अँपियर ओढतो, मीटरची ऐपत दहाची. आत ‘टिक्’ झालं आणि मीटरचा फ्यूज वारला.

मग मिस्त्री आला. त्यानं मीटर बाजूला सारला, निगेटिव्हची केबल सोडवली आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये एक छोटा बल्ब धरला. किल्ली माझ्या खिशात, सगळे दिवे बंद, आणि बल्ब मंद पेटलेला.

“काका, कुणीतरी खातंय.”

एकेक फ्यूज काढत गेलो. केबिनचा दिवा, हॉर्न, वायपर. सगळे फ्यूज माझ्या तळहातावर आले तरी बल्ब हलेना. आई चिंचेकडे बघायला लागली. मिस्त्रीनं दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट बघितले: एक साडेबारा, दुसरी अकराच्या खाली. चोवीस व्होल्टच्या गाडीत दोघी सिरीजमध्ये असतात, उतरल्या तर बरोबरीनं उतरायला हव्यात. म्हणजे कुणीतरी एकटीलाच पीत होतं.

तिच्यावरून एक लाल वायर निघाली होती. मॅटखालून, टेपच्या चिंध्या मिरवत, थेट डॅशबोर्डवर. तिथे आमचे बाप्पा. मागे लुकलुकणारी माळ, खाली आरतीचा अ‍ॅम्प्लिफायर. दोन वर्षांपूर्वी ही वायर मीच जोडली होती, किल्ली बंद केली तरी देवापुढचा उजेड जाऊ नये म्हणून. देवाला फ्यूज कशाला, असंही मीच म्हटलं होतं. सेल्फ मारण्याआधी आम्ही रोज तिथेच हात जोडत होतो.

मिस्त्रीनं वायर सोडवली. माळ आणि बल्ब एकदम विझले. आई म्हणाली, “अगं बाई!”

नंतर मीटरचा फ्यूज बदलून मोजलं: ०.३ अँपियर. दिवसाला सात अँपियर-तास. शंभरची बॅटरी दोन आठवड्यांत कोरडी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी हात टेकणार. हंगामात ट्रक पळत असायचा, तेव्हा अल्टरनेटर हे सगळं भरून काढायचा.

आता माळ किल्लीवर आहे, मध्ये दोन अँपियरचा फ्यूज आणि बारा व्होल्टचा कन्व्हर्टर. पुन्हा पुन्हा उतरून ती बॅटरी कामातून गेली. जोडीतली एकटी बदलायची नसते, म्हणून चांगलीलाही निवृत्त करावं लागलं. ट्रक अजून चिंचेखालीच लावतो.