एक प्लॉट, दोन गेट

मुंबईत जागा नाही, हे रडगाणं आता पुरे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेवरून मुंबईत ४.८ लाख रिकामी घरं मोजली होती. ओस मॉल आणि पडीक सरकारी जागा आहेतच.

मॉलची घरं होत नाहीत, हे एक वेळ समजू शकतं. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये वरच्या मजल्यावर रुग्णालय काढलं. मार्च २०२१ मध्ये आग लागली, रुग्ण दगावले, मॉलला टाळं लागलं. खिडक्या नाहीत, मोऱ्या नाहीत, अशा इमारतीची घरं करायची तर खर्च आणि अक्कल दोन्ही लागतात.

पण जकात नाक्याला कसली अडचण? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, मुलुंडच्या नाक्याची जागा मोकळी झाली. पुढे ती धारावीच्या पुनर्वसनासाठी मागितली गेली आणि मुलुंडकर खवळले. पाणी पुरणार नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, गटारं तुंबतील. एकूण एक कारण खरं. फक्त मुलुंडच्याच एलबीएस रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर चढत होते, तेव्हा याच लोकल बहुधा रिकाम्या धावत होत्या. (धारावीचं काम कुणाला आणि कसं मिळालं, यावर भांडायचं तर खुशाल भांडा. ते भांडण वेगळं.)

बरं, खरी अडचण गरीब शेजाऱ्यांची असेल, तर गरीब-श्रीमंत शेजारी राहण्याचा प्रयोग इथे नवा नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, १९९५ पासून तेच करतंय. एकाच प्लॉटवर पुढे विकायच्या घरांचा म्हणजे सेलचा टॉवर, मागे झोपडीवाल्यांसाठी रिहॅबची इमारत, मध्ये भिंत. सेलचं गेट हमरस्त्यावर, रिहॅबचं गल्लीत. टॉवरला पोडियमवर बाग. रिहॅबच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. कागदावर मात्र योजना एकच.

आणि भिंत ओलांडली जात नाही असंही नाही. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, कुठेही सकाळी सातला बघा. रिहॅबमधल्या बायका सेलच्या गेटवर उभ्या असतात. वॉचमन मोबाइलवर नोंद करतो, मग सर्व्हिस लिफ्ट. जाताना पिशवी उघडून दाखवायची. दुपारी एकपर्यंत दोन्ही उत्पन्न गट एकाच छताखाली असतात. सोसायटीची त्याला काही हरकत नाही.