इंग्रजी कितपत येतं?

एडिसनला मुलाकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलो आणि तिसऱ्या महिन्यात अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीचं जाडजूड पाकीट दारात पडलं. वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते निवडून ही पाहणी करतात. त्यात आमचा नंबर लागला. घरात दोन महिन्यांहून अधिक राहणारा प्रत्येक जण मोजायचा, असा नियम. म्हणजे मी आणि ही, दोघंही अमेरिकेच्या खानेसुमारीत!

इंग्रजीखेरीज घरात दुसरी भाषा बोलता का? कोणती? इथे सून अडली. आईशी फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी आणि पोराला रागवायचं ते इंग्रजीत. शेवटी तिने माहेरचा मान राखला. सहा वर्षांच्या नातवाच्या नावापुढे मराठी लिहिलं. ‘आजी, वरण पास कर ना’ हे मराठीच की!

पुढचा प्रश्न खरा अवघड. इंग्रजी कितपत बोलता येतं? व्हेरी वेल, वेल, नॉट वेल, नॉट अ‍ॅट ऑल. विमा कंपनीत बत्तीस वर्षं मी इंग्रजीत पत्रं काढली, साहेबांच्या मसुद्यातले ‘ए’ आणि ‘द’ जागच्या जागी बसवले. पण फॉर्म विचारतो फक्त बोलण्याचं. परवा शेजाऱ्याच्या गाडीचं टायर बसलं. मी मदतीला धावलो, म्हटलं, स्टेपनी आहे ना? तो म्हणाला, स्टेफनी? ती पलीकडच्या गल्लीत राहते.

शिवाय प्रकृती ठणठणीत असली तरी ‘बरं आहे’ म्हणायची आपली रीत. ‘व्हेरी वेल’ असं स्वतःच स्वतःला कसं म्हणायचं? मी ‘वेल’वर खूण केली. मुलगा हसला. “बाबा, व्हेरी वेलच्या खाली काहीही लिहिलंत, की इंग्रजी कच्चं असणाऱ्यांत गणती होते.” नातवाने मात्र ‘व्हेरी वेल’ असं बेधडक सांगून टाकलं. आदल्याच रात्री त्याने मला ‘नेबर’चं स्पेलिंग विचारलं होतं.

“माझं लिहा, अजिबात येत नाही,” हिने स्वयंपाकघरातूनच ठणकावलं. आता ही रोज सकाळी नातवाला शाळेच्या बसपाशी सोडायला जाते आणि तिथे एका कोरियन आजीबाईंबरोबर बाकावर तासभर बसते. दोघींत मिळून इंग्रजीचे दहा शब्द असतील-नसतील. तरी त्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेची रात्रपाळी आणि कोबी मुरवायची कृती, सगळं हिला तपशीलवार ठाऊक. मला त्या शेजाऱ्याचं आडनावही अजून कळलेलं नाही.

मी खूण बदलली नाही. फॉर्म काल टपालात पडला. त्यातल्या नोंदीप्रमाणे या घरात माणसं पाच, पैकी दोघांचं इंग्रजी कच्चं.