उत्तर आधी सांगू नका

पाठ्यपुस्तकात ‘करून पहा’ अशी चौकट असते. वर्गात ती वाचली जाते. एक मुलगा उभा राहून मोठ्याने वाचतो, बाकीचे ओळीवर बोट ठेवून ऐकतात. मग फळ्यावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे पडतात आणि मुलं सगळं उतरवून घेतात. निरीक्षणसुद्धा! ताटली नाही, पाणी नाही, मेणबत्ती नाही, आणि वहीत मात्र ‘ग्लासातील पाणी वर चढलेले दिसले’. दहा वर्षांच्या मुलाला न पाहिलेली गोष्ट ‘दिसले’ म्हणून लिहायला लावणं ही खोटी साक्ष आहे. ती आपण प्राथमिक शाळेतच द्यायला शिकवतो आणि सुवाच्य अक्षराबद्दल शाबासकीही देतो.

हाच मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. कित्येक गाईडांतलं उत्तर असं, की मेणबत्तीने ग्लासातला ऑक्सिजन संपवला, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश उंचीपर्यंत चढलं. हिशेब नीटनेटका आहे आणि साफ चुकीचा आहे. ही चूक पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, आणखी तीन मेणबत्त्या लागतात. त्याच ग्लासाखाली आधी एक लावा, मग दोन, मग चार. मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढतं. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजनही जवळपास तेवढाच. मग पाणी जास्त का? शिवाय पाणी झपाट्याने चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर. ऑक्सिजन खर्च होण्यामुळे ते चढत असतं, तर ज्योत जळत असतानाच सावकाश चढत गेलं असतं. ग्लास पटकन ठेवला तर काठाखालून बुडबुडे निघतानाही दिसतात.

घडतं ते असं. ज्योतीमुळे ग्लासातली हवा तापते, फुगते, त्यातली थोडी बाहेर निघून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो.

पाचवीतली मुलगी दाबाचं हे सगळं सांगू शकणार नाही, सांगायची गरजही नाही. ‘बाई, चार लावल्या तर जास्त चढलं’ एवढं ती नक्की सांगेल. तेवढ्या वाक्याने गाईडमधलं छापील उत्तर कोसळतं. छापलेलं खोटं पाडायची ही मुभा मुलांना शाळेत मिळाली पाहिजे. उत्तर आधी सांगून मग केलेल्या प्रयोगात ती मिळत नाही. तिथे मुलं फक्त पुस्तकाच्या होकाराला होकार देतात.

दुसरा प्रयोग तर फुकट आहे. शाळेच्या अंगणात ध्वजस्तंभ असतो. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मुलांना अकरापासून दीडपर्यंत, दर दहा मिनिटांनी, सावलीच्या टोकाला खूण करू द्या. मुंबईत सावली सगळ्यात आखूड होते ती वर्षभराच्या सरासरीने साडेबारा वाजून गेल्यावर. फेब्रुवारीत तर पाऊण वाजून गेलेला असतो. गोंदियाच्या मुलांना त्याच दिवशी ती वेळ जवळजवळ अर्धा तास आधी सापडेल. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या आसपास आहे आणि पृथ्वी एक अंश वळायला चार मिनिटं घेते. या दोन गावांतल्या शाळांनी एकमेकींना फोन करून वेळा जुळवून पाहिल्या, तर भूगोलाचं एक अख्खं प्रकरण अंगणात उलगडेल. आणि ‘डोक्यावर’ म्हणाल, तर महाराष्ट्रात कुठेही सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. त्यातला एक दिवस मे महिन्यात, म्हणजे सुट्टीत, आणि दुसरा ऐन पावसाळ्यात ढगांआड. मुलांना हे खुणांवरूनच उमगेल, कारण शाळा चालू असताना, अगदी भर दुपारीही, त्यांना खांबाची सावली नाहीशी झालेली दिसणार नाही.

मग हे होत का नाही? पैसे नाहीत म्हणून, असं म्हणणारे मेणबत्तीच्या पुड्याची किंमत विचारत नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. कित्येक शाळांत विज्ञानपेटी असते, पण तिला कुलूप असतं. भिंग फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरात काय लिहायचं, निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी पाठवायचा, ही शिक्षकाची भीती खरी आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळायचे, त्यातच मतदार यादीचं काम करायचं आणि ऑनलाइन माहिती भरायची. अशा शिक्षकाला मी दोष देणार नाही. दोष देईन तो फुटलेल्या भिंगाचा जाब विचारणाऱ्या आणि न उघडलेल्या पेटीचा जाब न विचारणाऱ्या व्यवस्थेला.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘प्रात्यक्षिक / प्रयोग’ असा स्वतंत्र रकाना आहे. प्रयोग झाला नाही तरी तो रकाना रिकामा राहत नाही. परीक्षेतही ‘मेणबत्ती का विझली’ हे विचारलं जातं, ‘तू लावलीस तेव्हा काय झालं’ हे विचारलं जात नाही.

हे बदलता येतं, आणि सरकारी शाळांतच बदलून दाखवलेलं आहे. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला, पुढे ‘एकलव्य’ने वाढवला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरं नव्हती. ती मुलांनी स्वतः करून वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी होती. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतून एक वर्षाची सुट्टी घेऊन अरविंद गुप्ता तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भूमितीचे आकार उभे करण्याची त्यांची युक्ती याच काळातली. नंतर पुण्यात, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. ती बनवायची कशी हे आज मराठीतही फुकट बघायला मिळतं. होशंगाबादचा कार्यक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला होता. 2002 मध्ये राज्य सरकारने तो एका आदेशाने बंद केला.

महाराष्ट्राला एवढा मोठा कार्यक्रम उभारायचा नसेल तर निदान तीन कामं याच सत्रात करावीत. पेटीतलं सामान वापरात फुटलं तर मुख्याध्यापकांच्या सहीने विषय संपावा. गुण देताना मुलाने स्वतः पाहिलेलं मोजावं, ते पुस्तकाशी जुळो न जुळो. आणि शाळाभेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी विज्ञानाच्या वह्या शेजारी-शेजारी उघडाव्यात. सगळ्या वर्गाचं निरीक्षण शब्दशः एकच निघालं, तर शेरेबुकात ‘वह्या उत्तम’ असं न लिहिता लिहावं: प्रयोग झालेला नाही, पुढच्या भेटीत माझ्यासमोर करावा.