पोरालाही 66 पौंड

नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने जाहीर केलं की हंगामातल्या उरलेल्या घरच्या सामन्यांची जी तिकिटं सभासदांना मिळतील, त्यांचा दर एकच राहील : 66 पौंड. कमावता माणूस असो, दहा वर्षांचं पोर असो की पेन्शनवर जगणारी आजी, सवलत कुणालाच नाही. तोवर यातली स्वस्तातली तिकिटं मोठ्यांना 40 आणि मुलांना 25 पौंडांना मिळत होती. म्हणजे लेकाला घेऊन सामन्याला जाणाऱ्या बापाचं जे काम 65 पौंडांत भागत होतं, त्याला एकदम 132 पौंड लागू लागले. आपल्या रुपयांत चौदा हजारांच्या घरात, एका सामन्याचे. आणि हे सगळं हंगाम सुरू झाल्यावर.

कारण दिलं तोट्याचं. तोटा खरा आहे. 2023-24 या वर्षात क्लबला 11 कोटी 32 लाख पौंडांची खोट आली. पण याच क्लबने जुलै 2024 मध्ये प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यांना काढून टाकलं आणि त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना घरी पाठवण्यापायी 1 कोटी 4 लाख पौंड खर्ची घातले. चूक झाली संचालकांच्या खोलीत आणि वसुली शाळकरी पोराच्या तिकिटातून. इंग्लंडमधले चाहते चिडले ते रकमेपेक्षा या हिशेबावर, आणि त्यांचं चिडणं शंभर टक्के रास्त होतं.

हे झालं एकेका सामन्याच्या तिकिटाचं. पूर्ण हंगामाचं सीझन तिकीट हा तर इंग्लंडमध्ये नुसता स्वस्तातला सौदा नसतो. प्रीमियर लीगमध्ये एका संघाचे 19 सामने घरच्या मैदानावर होतात. त्या सगळ्यांचे पैसे चाहता हंगामाआधीच भरतो किंवा हप्ते बांधून घेतो. संघात कोण राहणार, कोण विकला जाणार, संघ जिंकणार की गटांगळ्या खाणार, यातलं काहीही ठाऊक नसताना भरतो. सामन्यांच्या तारखाही पक्क्या नसतात. शनिवारी दुपारी तीनचा सामना टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी सोमवारी रात्री आठला जातो आणि परतीची शेवटची गाडी चुकते. तरी माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरतो, कारण एकदा जागा सोडली की पुन्हा मिळायला मोठ्या क्लबांत वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत थांबावं लागतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वीस वर्षं तोच असतो. त्याच्या घरी लग्न झालेलं, मयत झालेली, सगळं ठाऊक असतं.

क्लबच्या बाजूने पाहिलं तर हे बिनव्याजी भांडवल आहे आणि भरलेल्या स्टेडियमची हमीही. त्या भरलेल्या स्टेडियमचं दृश्यच तर जगभर विकलं जातं. रिकाम्या खुर्च्यांसमोरचा सामना कसा दिसतो, ते कोरोनाच्या काळात सगळ्यांनी पाहिलं. ज्याच्या आवाजाची किंमत क्लब टीव्ही कंपन्यांकडून वसूल करतो, त्याच्याच खिशात पुन्हा हात घालायचा, याला मी व्यवसाय म्हणणार नाही. ही हाव आहे.

ही हाव म्हाताऱ्यांकडेही वळली आहे. मार्च 2024 मध्ये टॉटनहॅमने ठरवलं की 2025-26 पासून नव्या ज्येष्ठांना सीझन तिकिटावर सवलत मिळणार नाही आणि ज्यांना आहे त्यांचीही टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणली जाईल. त्याच वर्षी वेस्ट हॅमने मोक्याच्या जागांवरच्या सवलतींना कात्री लावली. तिथे मुलं आणि ज्येष्ठ दोघंही कापले गेले. सवलतीत तिकीट घेणारे ज्येष्ठ फार वाढले, हा टॉटनहॅमचा युक्तिवाद. वाढणारच. ही माणसं तरुण असताना आली आणि टिकून राहिली, म्हणून आज ती ज्येष्ठ आहेत. संघ तळाला असतानाच्या पडक्या दिवसांत यांनीच पैसे भरले. त्यांचं टिकणं हा क्लबच्या वहीत खर्चाचा रकाना झाला.

म्हातारेच का? कारण त्यांची खुर्ची दुसऱ्याला जास्त भावाने विकता येते. जुना चाहता 19 सामन्यांना तोच जुना मफलर गळ्यात घालून येतो आणि बाहेरच्या ओळखीच्या पबमध्ये बिअर पिऊन आत शिरतो. एकदाच येणारा पाहुणा मात्र नवी जर्सी घेतो, आतच जेवतो, स्टेडियमची सफर करतो आणि जेवणासकटचं महागडं पॅकेज बिनतक्रार घेतो. युनायटेडने 2025-26 साठी खेळाडूंच्या बाकांजवळच्या जुन्या सीझन तिकीटधारकांना हलवून त्या जागा अशा पॅकेजसाठी काढल्या.

तो पाहुणा कोण? पुष्कळदा आपणच. पुण्याहून, मुंबईहून, मडगावहून युरोपच्या सहलीला निघालेलं कुटुंब, ज्यांना आयुष्यात एकदा लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड किंवा युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड पाहायचं आहे. रात्री दीडला उठून वर्षानुवर्षं सामने पाहिलेल्या मुलाची ती हौस अस्सल आहे आणि तिची लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. पण आपल्या हौसेचा उपयोग स्थानिक माणसाला हुसकावायला होतो आहे, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

भाव उतरवता येतात का? येतात. 6 फेब्रुवारी 2016. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध संडरलंड. मालकांनी नव्या मुख्य स्टँडमधल्या सर्वांत महागड्या तिकिटाचा दर पुढच्या हंगामापासून 77 पौंड ठरवला होता. लिव्हरपूल 2-0 ने पुढे. प्रशिक्षक युर्गन क्लॉप अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे मैदानावर नव्हते. 77 वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार माणसं उठली, जिन्यांकडे वळली आणि चालू सामना सोडून बाहेर पडली. चाहत्याने संघ पुढे असताना पाठ फिरवणं किती जड जात असेल, ते ज्याने कधी कुठल्याही संघावर जीव लावला आहे त्याला सांगायला नको. मागे उरलेल्या तेरा-चौदा मिनिटांत संडरलंडने दोन गोल केले आणि सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, 77 चा दर मागे घेतला आणि सर्वांत महाग तिकीट 59 पौंडांवर दोन हंगाम गोठवलं.

पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा 30 पौंड ठरवली. ती टिकली. आणि ती मर्यादा पाळून एकही क्लब बुडाला नाही.

अ‍ॅनफिल्डच्या त्या प्रसंगानंतर तीनच दिवसांनी, 9 फेब्रुवारीला, जर्मनीत श्टुटगार्टच्या मैदानावर डॉर्टमुंडचे समर्थक महाग तिकिटांच्या निषेधार्थ सुरुवातीचा वेळ बाहेरच थांबले आणि आत आल्यावर त्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. जर्मनीतला चाहता बोलू शकतो, कारण तिथल्या 50+1 या नियमाने क्लबच्या सभासदांकडे मतांचं बहुमत राहतं. काही अपवाद आहेत, पण नियम टिकून आहे. बायर्न म्युनिकचं उभं राहून सामने पाहण्याचं सीझन तिकीट आजही दोनशे युरोंच्या आत मिळतं. पूर्ण लीग हंगामाचं. तोच बायर्न युरोपातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एक आहे.

इंग्लंडमध्ये भाव कुठून चढू लागले, याचा माग काढला की हिल्सबरो मैदानापाशी जावं लागतं. तिथे 1989 मध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत 97 लिव्हरपूल समर्थकांचा जीव गेला. त्यानंतर लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या 1990 च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर उभं राहण्याच्या जागा काढून सगळीकडे खुर्च्या बसवायला सांगितलं. त्याच अहवालात टेलर यांनी हेही लिहिलं की खुर्च्या बसवल्या म्हणून तिकीट आवाक्याबाहेर जाण्याचं कारण नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला त्यांनी दिला : बसायचे 6 पौंड, उभं राहायचे 4. क्लबांनी खुर्च्यांची शिफारस अमलात आणली आणि भावाबद्दलचं वाक्य बासनात बांधून ठेवलं. मेलेल्यांच्या नावाने झालेल्या सुधारणेतून गरीब माणूस स्टँडबाहेर जावा, याइतकी संतापाची गोष्ट या खेळात दुसरी नाही.

तिकीट परवडलं तरी आत बसून सामना दिसेल का, हा अपंग चाहत्याचा प्रश्न वेगळाच. इंग्लंडमध्ये स्टेडियम कसं असावं याची मार्गदर्शिका 2003 पासून आहे. तरी 2014 मध्ये बीबीसीने तपासलं तेव्हा प्रीमियर लीगच्या 20 पैकी फक्त 3 क्लबांकडे व्हीलचेअरच्या पुरेशा जागा होत्या. सप्टेंबर 2015 मध्ये क्लबांनी वचन दिलं : ऑगस्ट 2017 पर्यंत सगळं नियमाप्रमाणे करू. मुदत उलटली आणि काही क्लब मागेच राहिले. याच काळात खेळाडूंच्या खरेदीवर मात्र पाण्यासारखा पैसा ओतला गेला.

व्हीलचेअरवरचा माणूस स्टँडमध्ये नेमकं काय पाहतो? जुन्या स्टेडियममध्ये त्याची जागा पुढच्या रांगेच्या जेमतेम वर असते. चेंडू मधल्या रेषेपाशी असेपर्यंत सगळं नीट दिसतं. चेंडू गोलपोस्टजवळ आला की पुढची रांग उठते. समोर पाठी, कोट, वर गेलेले हात. आरोळी ऐकू आली की गोल झाला हे कळतं. तो कुणी मारला आणि कसा मारला, हे नंतर मोबाइलवर पाहायचं. ज्या क्षणासाठी तिकीट काढलं, नेमका तोच क्षण हुकतो. उपाय अगदी साधा आहे : व्हीलचेअरचा ओटा इतका उंच बांधायचा की पुढचा माणूस उभा राहिला तरी त्याच्या डोक्यावरून मैदान दिसेल. त्यासाठी पुढच्या-मागच्या खुर्च्या काढाव्या लागतात. खुर्च्या काढल्या की तिकिटं घटतात, आणि तिथेच हात आखडतो.

इथे युनायटेडला श्रेय द्यायला हवं. 2017 मध्ये त्यांनी ठरवलं की सुमारे 300 जास्तीच्या जागांसाठी साधारण 2,600 खुर्च्यांवरच्या सीझन तिकीटधारकांना हलवावं लागलं तरी चालेल. अपंग माणसाच्या नजरेला क्लबने एवढी किंमत दिली. तो क्लब 66 पौंडांचा निर्णय घेतो तेव्हा म्हणूनच जास्त लागतं.

बारीक गोष्टी पुष्कळ आहेत. पाहुण्या संघाचा व्हीलचेअरवरचा समर्थक कित्येक जुन्या मैदानांवर यजमानांच्या गर्दीत बसवला जातो, मग त्याने आपले रंग जॅकेटखाली झाकायचे आणि आपल्या संघाने गोल केला तरी गप्प बसायचं. ऑनलाइन सगळी तिकिटं मिळतात, अपंगांच्या जागेसाठी मात्र अनेक ठिकाणी फोन लावून ताटकळायचं. सोबतीच्या माणसाला बहुतेक इंग्लिश क्लब वेगळं तिकीट लावत नाहीत, कारण त्याच्याशिवाय हा चाहता येऊच शकत नाही. 2026 च्या वर्ल्डकपसाठी फिफाने या सोबत्याचंही तिकीट विकत घ्यायला लावलं. डिसेंबर 2025 मध्ये समर्थकांसाठी राखलेल्या कोट्यात अंतिम सामन्याचं सर्वांत स्वस्त तिकीट 4,185 डॉलरचं निघालं. बोंब झाली तेव्हा 60 डॉलरची मोजकी तिकिटं काढली. बोंब झाल्याशिवाय फिफालाही ऐकू येत नाही.

ब्रिटनमध्ये जुलै 2025 मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. तिकिटांच्या दराबद्दल क्लबने समर्थकांशी सल्लामसलत केली पाहिजे, असं त्यात आहे. सल्ला मानलाच पाहिजे, असं नाही. बैठक घ्यायची, चहा पाजायचा आणि ठरलेलाच दर जाहीर करायचा, एवढी वाट मोकळी आहे. नियामकाने निदान सवलतींचा किमान दर्जा ठरवून द्यावा : मुलांना इतकं, ज्येष्ठांना इतकं, अपंगाच्या सोबत्याला फुकट. पाहुण्या समर्थकांसाठी 30 पौंडांची मर्यादा पाळता येते, तर हेही येईल.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात या इंग्लिश क्लबांचे मान्यताप्राप्त समर्थक-गट आहेत. क्लब त्यांना पत्रं पाठवतो, जर्सीच्या जाहिराती पाठवतो, ‘तुम्ही आमचं कुटुंब’ म्हणतो. हे गट एकत्र बसतात तेव्हा सामना लावण्याआधी एक काम करू शकतात. स्थानिक समर्थक संघटना दरवाढीविरुद्ध जे निवेदन काढते, त्यावर मुंबईतून, पुण्यातून सही करायची आणि क्लबला लिहायचं : परदेशातले आम्हीही या दरवाढीच्या विरोधात आहोत, आमच्या नावाने कुणाची सवलत काढू नका. क्लब जगभरचे चाहते मोजून प्रायोजकांकडून पैसे घेतो. त्या मोजणीत आपण आहोत, म्हणून आपलं पत्र त्याला वाचावं लागेल. पुढच्या हंगामाचे दर सहसा वसंतातच जाहीर होतात. पत्र त्याआधी पोहोचलं पाहिजे.